चार अंश: १९९२च्या एमएक्स-५ला सुपरचार्जर बसवताना काय घडलं

चौथ्या सिलिंडरचा स्पार्क प्लग काढून उजेडात धरला, तर पांढऱ्या पोर्सेलीनवर मिरपूड भुरभुरल्यासारखे काळे ठिपके होते. भिंग लावल्यावर त्या ठिपक्यांत एक चकाकता मणी दिसला, खसखशीच्या दाण्याहूनही बारीक. ॲल्युमिनियम. इंजिनात त्या जागी उडून येणारं ॲल्युमिनियम बहुतेक वेळा पिस्टनच्या माथ्याचंच.

गाडी मित्राची होती, हात आम्हा दोघांचे. सुपरचार्जर, म्हणजे इंजिनात जास्त हवा कोंबणारा, बेल्टवर फिरणारा पंप, बसवून तीन आठवडे झाले होते आणि त्यातले पहिले दोन आठवडे आम्ही दोघेही स्वतःवर बेहद्द खूश होतो. हे प्रकरण मुद्दाम तपशिलात लिहितो आहे, कारण चूक सुपरचार्जरमध्ये नव्हती आणि त्याच्या जोडकामातही नव्हती. चूक त्याच्या सहा वर्षं आधीची होती, आणि ती आमच्या डोळ्यांसमोरच होती.

गाडी आणि तिच्याकडून अपेक्षा

माझदा एमएक्स-५, पहिली पिढी, १.६ लिटरचं बी६ इंजिन. १५९७ सीसी, दोन कॅमशाफ्ट, सोळा व्हॉल्व्ह, ९.४:१ कॉम्प्रेशन. कारखान्यातून निघताना साधारण ११५ हॉर्सपॉवर. वजन हजार किलोच्या आत, त्यामुळे वळणांवर गाडी नाचते. पण चढाला तिसऱ्या गिअरमध्ये पाय पूर्ण दाबला की ती जरा विचार करून मग निघते. मित्राची तक्रार एवढीच होती. त्याला रेस लावायची नव्हती. ३,००० आरपीएमला जे मिळतं ते थोडं जास्त हवं होतं, आणि ते पायाखालून लगेच यायला हवं होतं.

टर्बोचा विचार झाला आणि लवकरच मागे पडला. टर्बोत ताकद जास्त मिळते हे खरंच, पण एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, तेलाची नळी, पाण्याची नळी, सगळं नव्याने करावं लागतं. शिवाय मित्राला हवा होता तो तात्काळ प्रतिसाद. सेंट्रिफ्यूगल सुपरचार्जर आरपीएमबरोबर बूस्ट, म्हणजे इंजिनात जाणाऱ्या हवेचा जादा दाब, वाढवत नेतो, म्हणजे खालच्या आरपीएमला हात आखडता. राहिला रूट्स पद्धतीचा ब्लोअर: दोन रोटर, एका फेरीत ठरलेली हवा पुढे ढकलणारा. फिलँडर आणि फ्रान्सिस रूट्स या अमेरिकन भावांनी १८६०मध्ये ज्याचं पेटंट घेतलं ते यंत्र कारखान्यात हवा फुंकण्यासाठी होतं, मोटारगाडी तेव्हा कुणाच्या स्वप्नातही नव्हती. म्हणूनच त्याला आजही ब्लोअर म्हणतात. तो स्वतःच्या पोटात हवा दाबत नाही, नुसती ढकलतो. इंजिनाला जेवढी गिळता येते त्याहून जास्त ढकलली की सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या इनटेक मॅनिफोल्डमध्ये दाब तयार होतो. हा फरक पुढे कामाला येणार आहे.

आम्हाला मिळाला तो ईटनचा एम४५, म्हणजे फेरीला ४५ घनइंच, सुमारे ०.७४ लिटर. मिनी कूपर एसच्या २००२नंतरच्या पिढीत हाच ब्लोअर होता, त्यामुळे त्याच्या खुबी-खोडी सर्वज्ञात आहेत. ब्रॅकेट, पुली आणि नळ्या एका सुट्या संचातून, वापरलेल्या. ब्लोअर एक्झॉस्टच्या बाजूला, तिथून एक नळी इंजिनावरून पलीकडे मूळच्या थ्रॉटलपर्यंत.

कागदावर

पाने-पक्कड हातात घेण्याआधी एक संध्याकाळ आकडेमोडीत घातली. त्या संध्याकाळचा मला आजही अभिमान आहे, जरी तिने आम्हाला वाचवलं नाही.

चार-स्ट्रोक इंजिन क्रँकच्या दोन फेऱ्यांत एकदा श्वास घेतं. म्हणजे १.६ लिटरचं इंजिन फेरीला ०.८ लिटर हवा ओढू शकेल. प्रत्यक्षात सिलिंडर पूर्ण भरत नाहीत. ८८ टक्के धरले तर ०.७ लिटर. ब्लोअरची पुली क्रँकच्या पुलीपेक्षा लहान, गुणोत्तर १.५. म्हणजे क्रँकच्या एका फेरीला ब्लोअर दीड फेरी मारून १.११ लिटर ढकलणार. रोटरच्या फटींतून काही हवा मागे निसटते, म्हणून ८५ टक्के: ०.९४ लिटर. ०.९४ भागिले ०.७, म्हणजे साधारण १.३४ पट हवा. ७,००० आरपीएमला ब्लोअर १०,५०० फेऱ्या घेणार, जे त्याच्यासाठी आरामाचं आहे.

हवा १.३४ पट तर पेट्रोलही तेवढंच वाढवायला हवं. तिथे जुन्या इंजिनाची खरी अडचण सुरू होते. या गाडीत हवा मोजायला दारासारखी एक झडप आहे. हवेच्या झोताने ती उघडते आणि किती उघडली त्यावरून इंजिनाचा संगणक पेट्रोल ठरवतो. झडप पूर्ण उघडली की मीटर मुकं होतं. त्यापुढे हवा कितीही वाढली तरी संगणकाला ती दिसतच नाही. शिवाय या संगणकाला बूस्ट ही कल्पनाच माहीत नाही. त्याच्या नकाशात, म्हणजे पेट्रोल-ठिणगीच्या आकड्यांच्या तक्त्यात, वातावरणाच्या दाबापुढे कागद संपतो.

संचाबरोबर यावर जुना उपाय आला होता: बूस्ट वाढेल तसा इंधनाचा दाब अनेक पटींनी चढवणारा रेग्युलेटर. म्हणजे इंजेक्टर तेच, उघडण्याचा वेळ तोच, मागून रेटा जास्त. पण नळीतून जाणारं पेट्रोल दाबाच्या वर्गमुळाने वाढतं. १.४ पट पेट्रोल हवं तर दाब दुप्पट करावा लागतो. ३ बारचा ६ बार झाला की मूळचा पंप दमतो. म्हणून पंपही बदलला.

आणि ठिणगी? रेग्युलेटर पेट्रोल वाढवतो, टायमिंगला, म्हणजे ठिणगी पडण्याच्या वेळेला, हातही लावत नाही. बूस्टखाली मिश्रण दाट असतं, लवकर जळतं, म्हणून ठिणगी उशिरा पडायला हवी. सुरुवातीचा ठोकताळा असा की बूस्टच्या दर पीएसआयमागे (हे दाबाचं माप) ठिणगी क्रँकच्या फेरीतला एक अंश मागे. आमच्याकडे सहा-सात पीएसआय, म्हणजे जवळजवळ अर्धा बार, येणार होते. आम्ही एकमेकांकडे पाहिलं आणि म्हणालो, ९५ ऑक्टेनचं पेट्रोल आहे, बूस्ट कमी आहे, एक पायरी थंड (उष्णता लवकर सोडणारे) प्लग घालू, चालून जाईल. या ‘चालून जाईल’ने जगात जितके पिस्टन खाल्ले असतील तितके कशानेच खाल्ले नसतील.

बसवताना

इंजिनाची तब्येत आधी पाहिली. चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन १२ ते १२.६ बार, गळती सगळीकडे दहा टक्क्यांच्या आसपास. जुन्या इंजिनासाठी उत्तम. क्रँकच्या नाकाचीही, म्हणजे पुली बसते त्या पुढच्या टोकाची, खात्री केली. १९९१च्या मध्यापर्यंतच्या १.६ इंजिनांत हे नाक आखूड आहे, त्यावर आणखी एका बेल्टची ओढ घालणं म्हणजे आ बैल मुझे मार. पुलीच्या बॉसवर चार खाचा दिसल्या तर आखूड, आठ दिसल्या तर लांब. आम्ही आठ मोजल्या, मग दोघांनी पुन्हा एकदा मोजल्या.

ब्लोअर जागेवर बसायला दीड दिवस लागला, आणि बेल्ट सरळ चालायला तीन. लिहिण्यात हे हास्यास्पद वाटतं. पहिल्या फेरीला ६,००० आरपीएमनंतर बूस्टचा काटा ०.५ बारवरून घसरून ०.३५वर यायचा. बॉनेट उघडलं तर ब्लोअरच्या पुलीभोवती काजळीसारखी काळी भुकटी. बेल्ट घसरत होता. आम्ही आधी ताण वाढवला, जो प्रत्येक जण आधी करतो आणि ज्याने बेअरिंगं लवकर मरतात. मग सरळ कडेची पोलादी पट्टी दोन्ही पुलींच्या तोंडावर धरली. एका कडेला दोन मिलिमीटरची फट. ब्रॅकेटच्या मागे दोन मिलिमीटरचे वॉशर घातले. आयडलर पुली थोडी सरकवून बेल्टची मिठी जास्त घेतली. पूर्वी तो ब्लोअरच्या पुलीला जेमतेम एक-तृतीयांश वेढत होता, आता जवळपास अर्धा. त्यानंतर मूळच्या ताणावरही घसरण थांबली. ब्लोअर फिरवायलाच पूर्ण बूस्टवर दहा-बारा हॉर्सपॉवर लागतात आणि ते सगळे या चार खाचांच्या रबरी पट्ट्यातून जातात. त्याचे लाड करावेच लागतात.

बायपास झडपेबद्दल दोन वाक्यं, कारण ती अनेक जण विसरतात. थ्रॉटल हवेच्या वाटेवर ब्लोअरनंतर असेल तर पाय काढताच ढकललेली हवा बंद दारावर आदळते. मॅनिफोल्डमधल्या निर्वात ओढीने उघडणारी झडप ती हवा पुन्हा ब्लोअरच्या तोंडाशी आणून सोडते, त्यामुळे शांत चालवताना ब्लोअर जवळजवळ फुकट फिरतो. पण ही हवा बाहेर सोडू नका. ती मीटरने मोजलेली आहे, बाहेर सोडली तर पेट्रोल तिच्या हिशेबाने पडतं आणि हवा नसते.

गाडी सुरू झाली आणि आम्ही हसलोच. २,५०० आरपीएमला, चौथ्या गिअरमध्ये, नुसता पाय टेकवला की ती निघायची. ब्लोअरची बारीक शीळ, आणि चढ सपाट झाल्यासारखा. रोलिंग रोडवर, म्हणजे ताकद मोजणाऱ्या रोलरवर, चाकांशी आधी ९६ हॉर्सपॉवर होते, आता १२८. बूस्ट ०.५५ बार. मित्र हा आकडा भेटेल त्याला सांगत होता.

टिकटिक

तिसऱ्या आठवड्यात एका गरम दुपारी, दहा मिनिटं रांगेत रखडल्यावर लांब चढ आला. तिसरा गिअर, पाय पूर्ण, ४,००० आरपीएम. काचेच्या बरणीत छोटे खडे हलवावेत तसा आवाज. मित्राने पाय काढला, आवाज गेला. त्याने फोनवर सांगितलं, “अरे, एखादी शील्ड सैल झाली असेल.” मीही म्हणालो, असेल. एक्झॉस्टच्या बाजूला ब्लोअर आणि मॅनिफोल्डच्या मध्ये आम्हीच पत्र्याची एक शील्ड लावली होती.

शील्ड घट्ट होती. मग प्लग काढले आणि तो मणी दिसला.

नॉकिंग, म्हणजे सिलिंडरमधलं मिश्रण नीट जळण्याऐवजी आपोआप भडकून ठोके बसणं. त्याची खातरी करायची तर कानावर भरवसा ठेवू नये. तांब्याच्या नळीचं एक टोक ठोकून चपटं केलं, भोक पाडून ते ब्लॉकच्या एका बोल्टखाली आवळलं, दुसऱ्या टोकाला रबरी नळी जोडली, ती खिडकीतून आत घेऊन कानावर घालायच्या जाड इअर-मफला जोडली. दिसायला वेडेपणा, पण इंजिनाचं पोट ऐकू येतं. व्हॉल्व्हची टकटक, इंजेक्टरची टिकटिक, आणि त्यावर उठून दिसणारा, हातोडीने ऐरणीवर मारल्यासारखा कोरडा टणत्कार. पहिल्या चढावर मी तो चार वेळा ऐकला आणि हात वर केला. चार पुरे झाले.

आता चोर शोधायचा. संशयित तीन: पेट्रोल कमी, हवा गरम, ठिणगी लवकर.

पेट्रोल आधी सुटलं. एक्झॉस्टमधल्या वाइडबँड सेन्सरवर पूर्ण बूस्टमध्ये ११.६ ते १२ हवा-इंधन गुणोत्तर दिसत होतं. किंचित श्रीमंतच, म्हणजे पेट्रोल जरा जास्तच. हवेच्या मीटरचं व्होल्टेज मात्र सुमारे ५,००० आरपीएमच्या पुढे हलत नव्हतं, म्हणजे झडप मुकी झाली होती आणि वरचा सगळा भार रेग्युलेटर वाहत होता. काम चालू होतं, पण नशिबावर.

हवा खरोखर गरम होती. ब्लोअरनंतरच्या नळीत थर्मामीटर बसवला: बाहेर ३० अंश, आत ९७. हिशेबही तसाच येतो. आदर्श दाबणीत एवढ्या बूस्टला हवा ४० अंशांनी तापेल. रूट्स ब्लोअर आदर्शाच्या साठ टक्क्यांच्या आसपास घुटमळतो, म्हणून साधारण ६७.

एवढं पुरेसं कारण वाटत होतं. ब्लोअरनंतरची हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरची मापंही घेऊन झाली होती. तेवढ्यात, केवळ यादी पूर्ण करायची म्हणून, मी टायमिंग लाइट, म्हणजे ठिणगीबरोबर लुकलुकणारा दिवा, आणला. डायग्नोसिसच्या खोक्यात टीईएन आणि जीएनडी या दोन छिद्रांत तार घातली, इंजिन ८५०वर स्थिर केलं आणि लाइट पुलीवर मारला. खूण १० अंशांवर यायला हवी. ती १४ अंशांवर निवांत उभी होती.

मी मित्राला बोलावलं. त्याने वाकून पाहिलं, मग बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “हे मीच केलंय.”

नैसर्गिक श्वासावर चालणाऱ्या या १.६मध्ये टायमिंग १०वरून १४वर नेणं ही मालकांमधली फार जुनी युक्ती आहे. पैसा लागत नाही, हेडच्या मागचा, ठिणगीची वेळ ठरवणारा कॅम अँगल सेन्सर जरासा फिरवायचा, खालच्या आरपीएमला गाडी ताजीतवानी वाटते. चांगल्या पेट्रोलवर इंजिन ते सहन करतं. त्याने सहा वर्षांपूर्वी केलं होतं, आवडलं होतं, आणि विसरून गेला होता. आम्ही कॉम्प्रेशन मोजलं, गळती मोजली, पुलीच्या खाचा दोनदा मोजल्या. ज्या एका गोष्टीवर ब्लोअरखालच्या इंजिनाचं आयुष्य टांगलेलं असतं ती पाहिली नाही. दिव्याखाली अंधार. बूस्टला सहा-सात अंश मागे घ्यायचे होते, त्याऐवजी आम्ही चार अंश पुढे उभे होतो. हिशेब दहा-अकरा अंशांनी चुकलेला.

पण चौथाच सिलिंडर का?

टायमिंग चौघांनाही सारखंच लवकर होतं. ठिपके एक आणि दोनवर नव्हते, तीनवर पुसट, चारवर भरपूर. एन्डोस्कोपने पाहिलं तर चौथ्या पिस्टनची एक्झॉस्टकडची कड वाळू मारल्यासारखी खरबरीत झाली होती, बाकीचे काळे आणि गुळगुळीत.

याचं उत्तर इंजिनाच्या वंशावळीत आहे. बी६ मुळात आडवं बसणारं, पुढच्या चाकांच्या गाडीचं इंजिन. तिथे पाणी एका टोकाने शिरतं, दुसऱ्या टोकाने बाहेर पडतं. एमएक्स-५मध्ये ते उभं, लांबीच्या दिशेने बसवलं आणि थर्मोस्टॅट पुढच्या टोकाला आला. पाणी पुढूनच शिरतं आणि बरंचसं पुढूनच निघतं. मागच्या भिंतीला टेकलेल्या चौथ्या सिलिंडरला ताज्या पाण्याचा वाटा कमी. मूळच्या ताकदीला हे पुरतं, तीस वर्षं पुरलं आहे. पण तिसाहून जास्त हॉर्सपॉवर वाढवल्यावर सगळ्यात आधी ओरडतो तो चौथा.

मला या प्रकरणातला हा भाग सगळ्यात आवडतो. एकाच प्लगने दोन गोष्टी सांगितल्या: काय चुकलं, आणि पुढे कुठे चुकणार आहे. टायमिंग मागे घेऊन आम्ही गप्प बसलो असतो तर काही काळाने त्याच सिलिंडरवर परत आलो असतो.

पुन्हा, यावेळी नीट

टायमिंग १०वर आणलं. त्यासाठी हेडच्या मागचा बोल्ट सैल करताना बोटांची साल भिंतीला द्यावी लागते, हे ज्याने केलं आहे त्याला सांगायला नको. तेवढ्याने नॉकिंग रोजच्या चालवण्यात थांबलं. पण तांब्याच्या नळीत गरम दुपारच्या चढावर ते अजून एखाद-दुसऱ्यांदा यायचं. ब्लोअर काढून गाडी मूळपदावर न्यायची, की अर्धवट काम पूर्ण करायचं? मित्राने अर्थातच दुसरं निवडलं. मी पहिल्याची बाजू मांडली होती आणि आज माघार घेतो.

थर्मोस्टॅट हेडच्या मागच्या टोकाला हलवला, म्हणजे पाण्याला चौथ्या सिलिंडरवरून जाण्यावाचून गत्यंतर नाही. मूळ संगणक काढून प्रोग्रॅम करता येणारा बसवला, मॅनिफोल्डचा दाब मोजणारा सेन्सर लावला, आणि झडपेचं मीटर कायमचं घरी गेलं. इथे एक गंमत झाली. चावी फिरवली की इंजिन लगेच पकडायचं, चावी सोडली की मरायचं. पकडायचं, मरायचं. तासभर आम्ही ट्रिगर, प्लग, नकाशा सगळं शोधलं. जुन्या वायरिंगचा नकाशा काढल्यावर कळलं की इंधनपंपाचा रिले चालू ठेवणारा स्विच त्या काढून टाकलेल्या मीटरच्या पोटात होता! स्टार्टर फिरताना पंपाला वेगळी वाट मिळते, चावी सोडली की मीटरची झडप उघडी आहे का हे विचारलं जातं. झडपच नव्हती. पंपाचं नियंत्रण नव्या संगणकाकडे दिल्यावर प्रश्न मिटला.

इंजेक्टरचा हिशेब सरळ होता. १६५ हॉर्सपॉवरला, दर हॉर्सपॉवरमागे तासाला २७० ग्रॅम धरून, एकूण ४५ किलोच्या आसपास पेट्रोल. म्हणजे मिनिटाला सुमारे १,००० सीसी, चौघांत वाटून २५०. इंजेक्टर ऐंशी टक्क्यांहून जास्त वेळ उघडा ठेवायचा नाही, तर ३१० लागतील. मूळचे २१०च्या आसपासचे. ३६०चे घेतले. चढत्या दाबाचा रेग्युलेटर निघाला, मूळचा परत आला, आणि पंपाने सुटकेचा श्वास टाकला असावा.

इंटरकूलर लावला तेव्हा मित्राचा चेहरा पडला. बूस्टचा काटा ०.५५वरून ०.४३वर आला. “गेलं की रे सगळं!” गेलं काहीच नव्हतं. ब्लोअर फेरीला ढकलतो ती हवा तेवढीच आहे. पूर्वी ती गरम होती, फुगलेली होती, म्हणून मॅनिफोल्डमध्ये गर्दी जास्त दिसत होती. थंड झाल्यावर ती कमी जागेत मावते, म्हणून दाब कमी. काटा गर्दी दाखवतो, माणसं मोजत नाही. उलट ब्लोअरला आता कमी दाबाविरुद्ध ढकलायचं होतं, म्हणजे क्रँकवरचं ओझं थोडं उतरलं. आणि सिलिंडरमध्ये ५२ अंशांची हवा जात असल्यामुळे ठिणगी त्या भागात आम्हाला तीन-चार अंश पुढे नेता आली, कानावर नळी लावून, एकेक अंश करत.

रोलिंग रोडवर चाकांशी १४३. कमी बूस्ट, जास्त ताकद. मित्राने आकडा सांगायचं बंद केलं आहे, कारण ०.४३ ऐकून कुणी प्रभावित होत नाही.

बाकी गोष्टी पटापट. प्लगचा गॅप १.१वरून ०.७५ मिलिमीटर केला, दाट मिश्रणात ठिणगी विझत होती. २०० मिलिमीटरचा मूळ क्लच चौथ्या गिअरमध्ये एकदा घसरला आणि बदलला. ब्रेकसाठी १.८ मॉडेलच्या २५५ मिलिमीटरच्या डिस्क पुढे घातल्या, मूळच्या २३५च्या होत्या. हे खरं तर आधी करायला हवं होतं. १.६चा डिफरन्शियल लहान आहे, १९९४पासूनच्या १.८ला मोठा मिळाला. तो अजून बदललेला नाही. मित्र क्लच सोडून गाडी उडवत नाही, म्हणून टिकला आहे असं मी समजतो.

एका इतिहासाची मात्र यात वारंवार आठवण झाली. १९३०च्या ले मान्सच्या २४ तासांच्या शर्यतीत ब्रिटिश चालक टिम बर्किनच्या गटाच्या सुपरचार्जर लावलेल्या दोन्ही बेंटली मध्येच बंद पडल्या. शर्यत जिंकली ती बेंटलीचीच, साधा श्वास घेणारी स्पीड सिक्स. कंपनीचे संस्थापक डब्ल्यू. ओ. बेंटली यांचा सुपरचार्जरला विरोध होता, त्यांचा कल मोठ्या इंजिनाकडे होता. तिसऱ्या आठवड्यात, तो प्लग हातात धरून उभा असताना, मी पूर्णपणे त्यांच्या बाजूचा होतो.

आता ८,००० किलोमीटर झाले. परवा चारही प्लग काढले. चौथ्याचं पोर्सेलीन फिकट तपकिरी, भिंगाखाली स्वच्छ. चौथ्या पिस्टनची खरबरीत कड तशीच आहे, वाढलेली नाही. कॉम्प्रेशन १२.१. निष्क्रिय वेगाला ब्लोअरच्या नाकातून हलकी खुळखुळ येते. आतला कपलर झिजलाय, सुटा भाग मागवला आहे. तो बदलताना ब्लोअरच्या गिअरचं तेलही बदलू, आणि बॉनेट उघडं असेलच तर टायमिंग लाइट पुलीवर मारून घेऊ.